जोतिबाची यात्रा आणि चौदा मिलिमीटर

आमच्या हिची शेवटची पाळी कधी आली ते घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण ती आली बरोबर जोतिबाच्या यात्रेदिवशी. १२ एप्रिल २०२५, चैत्र पौर्णिमा, शनिवार. नारळ-खोबरं-गुलाल गाडीत ठेवून झालेला, आई पुढच्या सीटवर जाऊन बसलेली, आणि ही दारातनं म्हणाली, तुम्ही जावा, मला नाही जमायचं आज. त्यामुळं पुढं दवाखान्यात "एलएमपी काय?", म्हणजे शेवटची पाळी कधी आली, म्हणून विचारलं की हिच्याआधी आईच उत्तर द्यायची. नाहीतर बहुतेक घरांत कॅलेंडरवर पेननं मारलेला एक बारका टिंब एवढाच पुरावा असतो, आणि तोही दुधाच्या हिशोबात हरवलेला.

हिला दिवस गेले आणि जूनमध्ये सोनोग्राफी ठरली. पण त्याच्या आधीच घरात प्रसूतीच्या तीन तारखा तयार होत्या. फोनमधल्या ॲपनं सांगितलं १७ जानेवारी. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली, तिनं बोटावर मोजून सांगितलं १९ जानेवारी. आणि आईचा हिशोब सरळ, नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे २१ जानेवारी. एकच पाळी, एकच बाई, आणि तीन तारखा. मी फौंड्रीत क्वालिटीला आहे, गोकुळ शिरगावला, दिवसभर मापायचा व्हर्नियर हातात असतो, त्यामुळं एकाच जॉबची, म्हणजे एकाच पार्टची, तीन मापं आली की मला झोप लागत नाही.

तिघांचंही बरोबर होतं हे नंतर कळलं. मूळ नियम असा की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. ॲप खरोखर २८० दिवस मोजतं. आत्याचा हिशोब म्हणजे नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावानं चालणारा जुना नियम, तारखेत ७ दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागं यायचं, की पुढच्या वर्षातली तारीख मिळते. आता महिने काही ३० चे, काही ३१ चे, त्यात फेब्रुवारी, म्हणून दोन-तीन दिवस इकडं तिकडं होतात. आणि आपलं नऊ महिने नऊ दिवस म्हणजे नेगेलेच्या पुढं फक्त दोन दिवस. मला तर आईचाच हिशोब भारी वाटला, ना ॲप ना कागद.

पण ह्या तिन्हीत एक गोष्ट धरून चाललेली असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. बाईची पाळी २८ दिवसांची आहे आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलं, असं. त्यामुळं गंमत अशी होते की पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं तरी ते मोजलेले असतात. (हे मी शिफ्टला सांगितलं तर एकजण म्हणाला, म्हंजे दोन आठवड्यांचा ॲडव्हान्स पगार. तसंच काहीसं.) आता हिची पाळी पहिल्यापासून ३६-३७ दिवसांनी. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १४ दिवस लागतात, तो भाग फारसा बदलत नाही, बदलतो तो अलीकडचा. म्हणजे हिचं बीज बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी सुटणार. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

तर १४ जून. पाऊस नुकता लागलेला. सोनोग्राफीच्या आधी हिला पाणी पिऊन बसवलं, कारण एवढ्या लवकर पोटावरून बघायचं तर मूत्राशय भरलेलं लागतं, त्याच्यातनं मशीनचा आवाज नीट आत जातो. एक लिटरची बाटली संपवून ही बाकड्यावर, "अहो, आता नंबर नाही आला तर मी हितंच..." वगैरे. भिंतीवर पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. फॉर्म एफ भरला, गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्यानं भरावा लागतो तो, त्यात पण शेवटच्या पाळीची तारीख नाहीतर किती आठवडे ते लिहावं लागतं. कोल्हापूरकरांना ह्या फॉर्मचं वेगळं सांगायला नको, आपल्याच जिल्ह्यात मुलींचं प्रमाण घसरलं म्हणून सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायचा प्रयोग झाला होता. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आत बोलावलं मला पण. अंधार, पोटावर गार जेली, हिनं अंग चोरलं. आणि स्क्रीनवर काळ्या पिशवीत एक पांढरा दाणा, शेंगदाण्याचा अर्धा तुकडा असावा तसा, आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकतंय. लुकलुकतंय म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला. डॉक्टरांनी चित्र थांबवलं, एका टोकाला अधिकचं चिन्ह ठेवलं, बॉल फिरवून दुसऱ्या टोकाला दुसरं, मधी ठिपक्यांची रेघ. पुसलं, परत दुसऱ्या चित्रावर घेतलं. परत तिसऱ्यांदा. मी मनात म्हटलं, हे तर आमचंच काम आहे की. खाली आकडा, सीआरएल १४ मिलिमीटर.

सीआरएल म्हणजे डोक्याच्या टोकापासून बुडापर्यंतची लांबी. पाय धरायचे नाहीत, शेजारी जी गोल पिशवी दिसते, योक सॅक, ती पण धरायची नाही. बाळ आडवं, सरळ पडलेलं सापडलं पाहिजे. मुरगळून बसलं असेल तर माप कमी येतं, चित्रात तिरकं आलं तरी कमी येतं, म्हणून दोन-तीन वेळा घेतात. आमच्यात पण रीडिंग एकदाच घेऊन कोण सही करत नाही.

रिपोर्ट हातात आला आणि तिथं घोळ झाला. एलएमपीप्रमाणे ९ आठवडे ० दिवस. सोनोग्राफीप्रमाणे ७ आठवडे ५ दिवस. प्रसूतीची तारीख एलएमपीप्रमाणे १७ जानेवारी २०२६, सोनोग्राफीप्रमाणे २६ जानेवारी २०२६. कागद देणारी पोरगी वर बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "नऊ दिवस मागं आहे बाळ, मॅडमना दाखवा." मागं आहे. बास, एवढं एक वाक्य पुरलं. गाडीत हिच्या डोळ्याला पाणी, घरी आल्यावर आई म्हणाली पपई खाल्लीस काय, शेजारच्या काकू म्हणाल्या आमच्या भाचीचं असंच झालतं आणि पुढं काय झालतं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसती मान हलवली, जे सांगण्यापेक्षा वाईट. रविवार मधी आलेला. दोन रात्री मी फोन घेऊन स्वयंपाकघरात बसलोय.

सोमवारी आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो बाळाबद्दल नव्हताच. "तुमची पाळी किती दिवसांनी येते?" ३६-३७. "मग झालं की. बाळ मागं नाहीये, हिशोबच पुढं पळत होता. ठोके आहेत, चांगले आहेत. आता तुमची तारीख २६ जानेवारी, ही पेननं लिहिते, आता शेवटपर्यंत हीच." आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. एलएमपीची तारीख खोडली नाही, तिच्यापुढं फक्त एक कंस घातला.

मला पटलं पण समजलं नव्हतं, त्यामुळं मग मी वाचत बसलो. ह्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही की पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात. बाप सहा फुटी असो नाहीतर आमच्यासारखा, आई काय खाते काय नाही, त्याचा फरक तेव्हा अजून दिसत नाही. म्हणून लांबी मोजली की वय कळतं. पुढं मात्र घराणं, खाणं, बीपी, शुगर, वार कशी चालतीय, सगळं मधी येतं आणि मग मापावरनं वय काढणं म्हणजे चपलेच्या नंबरावरनं वय ओळखण्यासारखं.

ह्याच्यावर पहिलं पक्कं काम ग्लासगोत झालं, ह्यू रॉबिन्सन नावाच्या डॉक्टरनं १९७३ साली हे माप छापलं आणि १९७५ मध्ये त्याचं सूत्र आलं, ते अजून वापरतात. करून बघा, कॅल्क्युलेटरवर होतं. मिलिमीटरमधली लांबी घ्या, १.०३७ नं गुणा, वर्गमूळ काढा, त्याला ८.०५२ नं गुणा आणि २३.७३ मिळवा. आले ते दिवस. १४ टाकलं की ५४ येतात, म्हणजे ७ आठवडे ५ दिवस. मी रात्री दीड वाजता हे केलं आणि आकडा रिपोर्टशी जुळल्यावर मला जे वाटलं ते सांगता यायचं नाही. १४ च्या जागी १३ टाकलं तर एकच दिवस कमी होतो. म्हणजे एवढ्या लवकर मिलिमीटरभर चूक झाली तरी तारीख एका दिवसानंच हलते. आणखी सोपं पाहिजे तर लांबीत ४२ मिळवायचे, १४ अधिक ४२ म्हणजे ५६ दिवस, दोन दिवसांचा फरक पडतो पण डोक्यात होतं.

आणि ग्लासगोवरनं आठवलं, हे वाचून मी खरंच उठून उभा राहिलो होतो. गर्भाची सोनोग्राफी ज्यांनी सुरू केली ते इयान डोनाल्ड, ते पण ग्लासगोचेच, त्यांनी सुरुवात कशावर केली माहिताय का, लोखंडातल्या भेगा शोधायच्या मशीनवर. १९५५ साली ग्लासगोजवळ बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गाडीच्या डिकीत ऑपरेशननं काढलेल्या गाठी घालून गेले, तिथल्या फ्लॉ डिटेक्टरवर गाठी धरल्या आणि तुलनेला मांसाचा एक तुकडा. १९५८ मध्ये त्यांचा पेपर लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला. म्हणजे आम्ही रोज कास्टिंगवर प्रोब फिरवून ब्लोहोल, म्हणजे आतल्या पोकळ्या, शोधतो तेच हे. आम्ही ऑइल नाहीतर ग्रीस लावतो, ते जेली लावतात, कारण मधी हवा राहिली की आवाज आत जात नाही. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला ५९०० मीटरच्या आसपास जातो, शरीरात सरासरी १५४० धरतात, मशीन तोच आकडा धरून परतीच्या वेळेवरनं अंतर काढतं. आम्ही सकाळी माहीत मापाच्या ब्लॉकवर कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर दाखवतंय का ते, केल्याशिवाय पहिला जॉब घेत नाही. मॅडमना विचारलं तुमचं कॅलिब्रेशन कोण करतं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या तुम्ही फौंड्रीवाले लय अवघड.

मग टॉलरन्स. माझा खरा प्रश्न हाच होता, की किती फरक आला की तारीख बदलायची आणि किती आला तर सोडून द्यायचा. तर त्याचे आकडे ठरलेले आहेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये छापलेले असे, पाळीप्रमाणे ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत असाल तर ५ दिवसांपेक्षा जास्त फरक आला की तारीख बदला, ९ पासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत ७ दिवसांपेक्षा जास्त आला की बदला. पुढं हे वाढत जातं, सोळा आठवड्यांनंतर १० दिवस, बाविसाव्यानंतर १४, आणि २८ आठवड्यांनंतर तर २१ दिवस. म्हणजे उशिरा पहिली सोनोग्राफी केली तर तीन आठवडे इकडं का तिकडं ते मशीनलाही सांगता येत नाही. आमचा फरक ९ दिवसांचा, वेळ ९ आठवड्यांची, म्हणून बदलली. चार दिवसांचा असता तर १७ जानेवारीच राहिली असती आणि ते पण बरोबरच असतं.

जुलैत १८ तारखेला एनटी स्कॅन झाला, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघतात तो. शुक्रवार होता, आषाढ, टेंबलाईच्या यात्रेचा पी-ढबाक रस्त्यानं वाजत चाललेला, आणि आम्ही त्याच्यात अडकून वीस मिनिटं उशिरा पोचलो. हा स्कॅन सीआरएल ४५ ते ८४ च्या मधी असतानाच करतात. आमचं आलं ६२. सूत्रात घातलं, ८८ दिवस, १२ आठवडे ४ दिवस. आणि १४ जूनच्या ५४ दिवसांत मधले ३४ मिळवले तर? ८८. एका दिवसाचाही फरक नाही. मी वेटिंगमध्येच हिला म्हटलं, बघ, जुळलं. ही म्हणाली, "तुम्हाला बाळाचं नाक कसं दिसलं ते नाही आठवत, हे बरं आठवतं."

इथं एक सांगतो, लवकर म्हणून फार लवकर पण जाऊ नये. चुलत्यांच्या सुनेचं असं झालं, कीटवर रेघा दिसल्या की चौथ्या दिवशी सोनोग्राफी, आणि "नुसती पिशवी दिसली, बाळ नाही" म्हणून घरात सुतक. आतनं, म्हणजे योनीमार्गातनं, केलेल्या सोनोग्राफीत पिशवी पाचव्या आठवड्याच्या आसपास दिसते, साडेपाचला योक सॅक, आणि ठोके सहाव्याच्या सुमारास. त्यात पाळी लांबणारी असेल तर आपल्याला वाटतं सात आठवडे झाले आणि खरे असतात साडेपाच. म्हणून डॉक्टर आठ-पंधरा दिवसांनी परत बोलावतात. बाळ ७ मिलिमीटरचं होऊनही ठोके नाहीत, किंवा पिशवी २५ मिलिमीटरची होऊनही आत बाळ नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्या अलीकडं कुणी घाईनं काही ठरवत नाहीत, ठरवू देऊ पण नये. तिचं दहा दिवसांनी सगळं व्यवस्थित दिसलं. पोरगं आता घरभर रांगतंय.

विसाव्या आठवड्यातला स्कॅन गणपती झाल्यावर, ८ सप्टेंबरला, त्यात काही नाही, सगळं बरं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण मात्र कुठल्या तारखेनं धरायचं ह्यावर आई आणि सासूबाईंची फोनवर अर्धा तास चर्चा झाली, शेवटी हॉल मिळाला त्या दिवशी केलं.

खरी परीक्षा १ डिसेंबरला. आमच्या तारखेनं ३२ आठवडे पूर्ण. रिपोर्टवर ३० आठवडे ५ दिवस, आणि खाली छापलेलं, प्रसूतीची तारीख ४ फेब्रुवारी. परत नऊ दिवस! आईनं विचारलं, आता ४ फेब्रुवारी धरायची व्हय? मला पण क्षणभर तेच वाटलं, जूनमध्ये बदलली तशी आता परत बदलायची. मॅडमनी रिपोर्टवरची ती ओळच पेननं खोडली. म्हणाल्या ही तारीख मशीन आपलं आपण छापतं, तिच्याकडं बघायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत माप घेऊन आपण वय ठरवलं, आता वय माहिती आहे, आता माप घेऊन वाढ बघायची. तारीखच पुढं ढकलली तर वाढ कमी पडलेलं बाळ कागदावर अगदी बरोबर दिसणार, आणि आपण निवांत बसणार.

हे मला एका झटक्यात कळलं, कारण आमच्याकडं हीच चोरी चालते. जॉब मापात बसत नाही म्हणून ड्रॉइंगच जॉबप्रमाणं सुधारायचं. मापं जुळतात, फक्त तो पार्ट पुढं कुठंच बसत नाही.

मग डॉपलर केला, वारेतून रक्त नीट जातंय का ते बघितलं, चांगलं होतं. बाळ चणीनं लहान, आमच्या दोघांकडं बघून डॉक्टर म्हणाल्या घराण्यावर गेलंय. तीन आठवड्यांनी परत बघितलं, त्याच्या त्याच्या रेषेत वाढत होतं.

तारखेवर किती गोष्टी टांगलेल्या असतात हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अवेळी कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसासाठी इंजेक्शन द्यायचं का नाही ते साधारण ३४ आठवड्यांच्या आतल्या हिशोबावर. काही कारण नसताना ठरवून सिझर असेल तर ३९ आठवड्यांच्या आधी करत नाहीत, आणि आमच्याकडं तर ज्योतिषाकडनं मुहूर्त काढून सिझर करणारी मंडळी आहेत. जुन्या तारखेनं आम्ही ३९ धरले असते तर बाळ खरं ३७ आठवडे ५ दिवसांचं असतं.

१७ जानेवारी आली आणि फोन सुरू झाले. मावशी, मामा, हिच्या ऑफिसातल्या, सगळ्यांना ॲपवालीच तारीख माहिती. २१ ला आईचे नऊ महिने नऊ दिवस पण भरले, आई गप्प. २४ ला जुन्या हिशोबानं ४१ आठवडे झाले, मावशी म्हणाली दिवस उलटून गेले रे, कळा यायचं इंजेक्शन का देत नाहीत, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. मी म्हटलं मावशी, आमचे ३९ आठवडे ५ दिवसच झालेत अजून. मावशीला वाटलं ह्याला हिशोब येत नाही.

२६ जानेवारी. शाळेची प्रभातफेरी गेली, जिलेबी आणली, काही नाही. ठरल्या तारखेला येणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात हे मला माहिती होतं, तरी दिवसभर मी हिच्या तोंडाकडं बघत होतो. २७ ला काही नाही. २८ ला रात्री अकराला हिनं मला उठवलं.

२९ तारखेला सकाळी मुलगी झाली. नॉर्मल, २ किलो ८००. मावशीच्या हिशोबानं ४१ आठवडे ५ दिवस, आमच्या फाईलप्रमाणं ४० आठवडे ३ दिवस. आईला फोन केला तर ती म्हणाली यात्रेला दोन महिने राहिले, तोवर मान धरील का रे, डोंगरावर वारं फार असतं.